आवाज नसलेला समुद्र

चिखली, बुधवार, दिवेलागण

कादंबरीची खरी किंमत आज मोजली. नऊ वर्षांच्या पहाटा, चष्म्याचे तीन नंबर, आणि बायकोची, सुमनची, कोकणची सहल. "एवढं प्रकरण होऊ दे" म्हणत मीच ती तीनदा मोडली. आता तिचे गुडघेच गेले.

कूरलँड हे बाल्टिक समुद्राकाठचं चिमुकलं संस्थान. खऱ्या इतिहासात त्यानं टोबॅगो बेट घेतलं आणि गमावलं. माझ्या कादंबरीत ते गमावत नाही, अर्ध्या जगावर राज्य करतं. परवा बाड छापखान्यात द्यायचं आहे.

आज नौदलातून निवृत्त झालेले जानेफळचे काशिनाथभाऊ विहिरीवरची जळालेली मोटर भरायला घेऊन माझ्या रिवाइंडिंगच्या दुकानात आले. म्हटलं, यांना आरमाराचं प्रकरण ऐकवावं. आधी फुशारकी मारलीच, "भाऊ, नुसत्या आवाजावरून मोटरीचं कोणतं बेअरिंग गेलंय ते सांगतो मी. कूरलँडचं एकेक बंदर या कानांनी ऐकलंय!"

त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, "जहाजं झकास हायेत. पण तुमच्या समुद्राले आवाजच नाही, बा."

हसलो, चहा पाजला. ते गेल्यावर चारशे पानं चाळली. शिडं आहेत, दोर आहेत, मिठाचा वाससुद्धा आहे. आवाज नाही. कुठंच नाही! नऊ वर्षं मुकं पाणीच भरत बसलो का मी? परवा काय देऊ छापायला?

घरी येऊन सुमनला विचारलं, कसा असेल गं समुद्राचा आवाज?

भाकरी थापता थापता ती म्हणाली, "मले काऊन विचारता? तुमी नेलं तं नाही."

मीही कधी गेलो नाही. मी समुद्र ऐकलेलाच नाही.