वहीतली वीस मिनिटे

बडोदे,
गुरुवार, ता. १२ फेब्रुवारी १९९८

ती. आईंना,

मोहनाचा वाकून नमस्कार.

येथे सर्व ठीक आहे. यांची या आठवड्यात वाघोडियाच्या कारखान्यात पहिली पाळी आहे, त्यामुळे सकाळी लवकर निघतात. तुम्ही केलेले अळिवाचे लाडू संपले. डबा घासून ठेवला आहे. बापूंचा खोकला कसा आहे?

अक्षर मुद्दाम मोठे आणि सुटे काढले आहे. हे पत्र तुम्ही स्वतः वाचावे, बापूंकडून वाचून घेऊ नये, एवढी विनंती. वेळ लागला तरी चालेल. मलाही लिहायला तीन दिवस लागले.

शुभंकरचे वजन आता वाढू लागले आहे. दीड महिन्याच्या तपासणीत मात्र ते जन्माच्या वजनापेक्षा जेमतेम पावशेर अधिक भरले होते. हे तुम्हाला कळवू नये, असे मीच यांना सांगितले होते.

पाजण्याची वही तुम्हाला आठवत असेल. वेळ, डावी बाजू, उजवी बाजू, मिनिटे. यांनी कारखान्यातल्या नोंदपत्रकासारखे रकाने आखून दिले होते. दिवसातून आठ वेळा आणि दर वेळी वीस मिनिटे, असे दवाखान्यात सांगितले होते. "आमच्या पाळीवरच्या लोकांनी हिच्याकडून शिकावं," असे हे आल्यागेल्याला वही दाखवून म्हणत.

आणि तो दिवसही आठवत असेल. तुम्ही म्हणालात, "मोहना, हे रडणं भुकेचं आहे गं." मी यांच्यासमोर वही उघडली आणि म्हणाले, "दिवसाला एकशे साठ मिनिटं होतात, आई. उपाशी कसा राहील?" तुम्ही रकान्यांवरून बोट फिरवलेत. दुसरीपर्यंतच शाळा झालेल्या तुम्ही त्या आकड्यांकडे किती आदराने पाहिलेत. "लिहिलंय म्हणजे खरंच असणार. मला आपलं वाटलं," एवढेच बोललात. तिसऱ्या दिवशी, सव्वा महिना व्हायच्या आत, बापूंच्या जेवणाचे हाल होतात असे सांगून करजणला निघून गेलात.

आई, ती मिनिटे खरी नव्हती.

पहिले चार दिवस खरी होती. पाचव्या दिवसापासून मला चिरा पडल्या. कुठे, ते लिहवत नाही. त्याने तोंड लावले की डोळ्यांपुढे अंधारी येई. तीन-चार मिनिटांत मी त्याला बोटाने सोडवून पाठ थोपटत निजवत असे. दार लावलेले असे, म्हणून तुम्हाला दिसले नाही. तुम्ही दोनदा विचारलेत, "दुखतंय का? तूप लावून देऊ?" दोन्ही वेळा मी नाही म्हणाले. माझी आई गेल्यापासून स्वतःच्या शरीराविषयी मी कोणाशी बोललेच नव्हते. जे पुस्तकात नाही ते विचारावे कसे, हे मला कोणी शिकवले नाही, आणि तुम्ही शिकवायला बसलात तेव्हा मी शिकले नाही.

पहिल्यांदा 'चार' लिहिण्यासाठी पेन टेकवले होते. वर सगळीकडे वीस होते. शाळेत माझ्या वहीत कधी लाल खूण झाली नव्हती. मी वीस लिहिले. पुढे तर सकाळीच दिवसभराचे आठही रकाने भरून ठेवू लागले.

तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. "बहु सरस राखी छे, बेन. दूधमां तो कांई कमी नथी," म्हणाल्या. दुधात काही कमी नाही म्हटल्यावर दोष बाळात शोधणे आले. त्याच्या टाचेत सुई टोचून रक्त घेतले. तो मोठ्याने रडलासुद्धा नाही. तेवढी शक्तीच नव्हती. मी वही मांडीवर घेऊन गप्प बसले होते. दोन दिवसांनी तपासण्या निर्दोष आल्या आणि त्यांनी पुन्हा सुई मागवली, तेव्हा कोठे माझे तोंड उघडले.

त्या रागावल्या नाहीत. पडद्यामागे नेऊन बाळ कसे धरायचे ते दाखवले, मलम दिले, चार दिवस वरचे दूध चमच्याने द्यायला सांगितले. मग सहज विचारले, "घरमां कोई मोटुं माणस नथी?"

मी मानेनेच नाही म्हटले. वडीलधारे माणूस होते, आणि मी त्याला वही दाखवून घरी पाठवले, हे मला सांगवले नाही. सुईपेक्षाही त्या मान हलवण्याची लाज मला अधिक वाटते.

यांना सर्व सांगितले आहे. आल्यागेल्याला वही दाखवणे आता थांबले आहे.

लिहिले आहे म्हणजे खरेच असणार, असे तुम्ही म्हणाला होतात. हेही लिहिलेलेच आहे, आणि त्यावर विश्वास ठेवा असे म्हणण्याचा अधिकार मला उरलेला नाही. म्हणून तुम्ही या. त्याला मांडीवर घेऊन स्वतः पाहा. आज सकाळी त्याला किती वेळ पाजले ते मला ठाऊक नाही. घड्याळाकडे पाठ करून बसले होते. तो आपणहून सुटला.

उत्तर पाठवण्याची तसदी घेऊ नका. केव्हाही आलात तरी चालेल. पाजताना आता मी दार लावत नाही.

तुमची,
मोहना