गुलताजबाईंचा दोरा

प्रिय निखिल,

तुझी हार्ड डिस्क उद्या युनिव्हर्सिटीला परत करायची आहे. तुझ्या प्रोफेसरांनी अगदी संकोचत, पण दोनदा विचारलं. तिच्यात घरचे काही फोटो राहिले असतील तर काढून घ्यावेत म्हणून काल सकाळी मी ती उघडली. तिथे जे दिसलं त्याबद्दल तुलाच विचारायला हवं. दुसरं कोण सांगणार?

तू गेलास त्याला दहा आठवडे झाले. बेडोक स्टेशनच्या जिन्यात कोसळलास त्या सकाळी आपण काय बोललो होतो? इराच्या डब्यात पोळीभाजी द्यायची की नूडल्स. बस, तेवढंच. आपण दोघंही कमी बोलणारे.

पण इराणमधल्या त्या गावाबद्दल तू बोलायचास. पूर्वी मेंढ्या घेऊन डोंगरांतून फिरणारे कश्काई लोक, आता एका कड्याखाली घरं बांधून राहिलेले. कड्यावर हजारो वर्षांपूर्वी कोरलेली माणसांची रांग, एकामागे एक कुठेतरी निघालेली. तिचं लेझर स्कॅनिंग करायला तू दोनदा गेलास आणि दोन्ही वेळा गुलताजबाईंकडे राहिलास. त्यातलं 'बाई' तुझंच! गालिचा विणताना मागावरून मान वर न करता त्या तुला म्हणाल्या होत्या, "एवढा वाळका? सिंगापूरच्या बायका ताटात वाराच वाढतात का?" त्यांची मुलगी माराल शाळेत इंग्रजी शिकवते. तिने ते इंग्रजीत सांगितलं आणि तू मला फोनवर. किती हसलो होतो आपण!

दोऱ्याची गोष्टही तूच सांगितलीस. कोरलेल्या रांगेच्या बाजूला कड्याला एक भेग आहे. गुलताजबाईंच्या सासूबाईंनी बकरीच्या केसांचा पीळदार दोरा त्या भेगेवर आडवा, ताणून बांधला होता. दर नवरोजला, त्यांच्या वर्षाच्या पहिल्या दिवशी, बायका खाली उभ्या राहून तो बघतात. हात कोणी लावायचा नाही. दोरा आहे तोवर कड्याखाली निर्धास्त राहायचं. तुटला की त्याच दिवशी सामान उचलायचं. तू म्हणालास, "मेधा, आमच्या मशीनपेक्षा हे बरं."

मग तू तो का कापलास, निखिल?

पहिल्या वर्षाच्या फोटोंत सगळं क्रमाने आहे. आधी दोरा, अगदी ताठ. नंतर गवत काढलेलं, पक्ष्याचं घरटं काढलेलं, दोराही काढलेला. स्कॅन स्वच्छ यावं म्हणून तुम्ही लोक दगडावरचं सगळं काढता, हे मला माहीत आहे. शेवटच्या फोटोत दोरा परत जागेवर आहे, मध्ये तुझी गाठ. तू तो जोडलास, आणि तुला वाटलं, झालं, होतं तसं ठेवलं.

माझ्यामागे इरा टोस्ट खात उभी होती. म्हणाली, "आई, धिस वन सो लूज. हाऊ टू ब्रेक, लाह?"

इतका सैल दोरा तुटणार कसा, हे दहा वर्षांच्या मुलीला एका नजरेत दिसलं. तो मध्ये झोळ खाल्लेला आहे. भेग चार बोटं रुंदावली तरी तुटायचा नाही.

आणि ती रुंदावली आहे. तुझ्याच प्रोग्रॅमने दोन्ही वर्षांची स्कॅन एकावर एक ठेवली आहेत. जागचं हललं नाही ते हिरवं, सरकलं ते लाल. भेगेच्या बाहेरचा सगळा खडक लाल आहे. त्या रांगेतली शेवटची सात माणसंही.

तुला हे कळलं होतं. तुझ्या कामांच्या यादीत आहे, "मारालला दोऱ्याचं सांगणे." बाकी सगळ्यावर बरोबरची खूण, यावर नाही. प्रत्येक नव्या यादीत तू ते पुन्हा लिहिलंस. इतकं अवघड होतं का रे? मला तरी सांगायचंस!

काल दुपारी मी मारालला व्हिडिओ कॉल केला. शुक्रवारी तिचं लग्न आहे. तिच्यामागे पुरुष तंबू ठोकत होते, कड्याच्या अगदी पायाशी, कारण तिथे सावली असते. नदीपलीकडे काटेरी झुडपं आहेत म्हणे. "मेधा खानम, दोन-तीनशे माणसं येणार आहेत," ती म्हणाली. "या वर्षी मेंढ्या मात्र इथे बसायलाच तयार नाहीत. रोज थोडे दगडही पडतात. पण आई म्हणते, दोरा शाबूत आहे, मेंढ्यांना काय कळतं?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात गुलताजबाई फोनपाशी आल्या. तुझं नाव घेतलं आणि रडायला लागल्या. माराल म्हणाली, लग्नाच्या पंगतीत पहिलं ताट त्या तुझ्या नावाने ठेवणार आहेत. मी "थँक यू" म्हटलं. थँक यू! आणि फोन ठेवला.

तुझ्यासारखंच केलं मी.

प्रोफेसरांना लगेच ईमेल केली. त्यांचं उत्तर आलं, गंभीर दिसतंय, भूगर्भतज्ज्ञांची बैठक पुढच्या आठवड्यात घेऊ. पुढच्या आठवड्यात! आज सकाळपासून मारालला चार वेळा फोन लावला. रिंग जाते, कोणी उचलत नाही. तिकडे दोन दिवस मोठा पाऊस सांगितलाय. ती भेग वरून उघडी आहे.

तो फोटो आणि लाल चित्र तिला पाठवलंय. खाली लिहिलंय की दोरा निखिलने कापला, त्यानेच सैल बांधला, तंबू आत्ता हलवा. अजून तिने पाहिलेलं नाही.

तुला वचन देते, ती उचलेपर्यंत मी फोन लावत राहीन. आणि उचलला की आधी हेच बोलेन, खुशाली नंतर. गुलताजबाई तुझं ताट मांडणार नाहीत मग. तुझ्या नावाने बोटं मोडतील, मलाही बोलतील. मी ऐकून घेईन, तुझी बाजू सांगत बसणार नाही. शिव्या द्यायच्या तेवढ्या देऊ देत त्यांनी. फक्त नदीपलीकडे जाऊन, सगळ्यांना घेऊन.

तुझी,
मेधा