माझं मत दोघांकडे

१९ नोव्हेंबर २०१९, मंगळवार
आजपासून रोज लिहायचं. माझ्या डोक्यात विचार फार होतात आणि इथे पार उत्तरेला शेटलंडच्या बेटांवर बोलायला माणसं कमी, मेंढ्या जास्त. शाळेत असताना लिहायचा कंटाळा होता, पण तेव्हा लिहिण्यासारखं काही घडतही नव्हतं. आता घडतंय.

मुद्दा असा. १२ डिसेंबरला निवडणूक. आमच्या घरी, म्हणजे खाली दक्षिणेला स्केलबी बंदरात, बाबा हुजूर पक्षाला मत देणार. चार पिढ्या मजूर पक्षवाले आम्ही, आणि बाबा हुजूर! कारण एकच, हुजूरवाले म्हणतात आम्ही देशाला युरोपातून बाहेर काढतो. आई मजूर पक्षाला देणार, मेली तरी. तीन आठवडे झाले, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. खालच्या खिडकीत आईचं लाल पोस्टर, वरच्या खिडकीत बाबांचं निळं. "तुझ्या आईला म्हणावं, मीठ इकडे दे," असं बाबा जोडीला सांगतात आणि मीठ आईच्या हातातच असतं. जोडी म्हणजे माझी बहीण. वय सतरा, मत नाही, मजा भरपूर.

आता हिशोब बघा. आईचं एक, बाबांचं एक. वजाबाकी शून्य. म्हणजे घराचा खरा कौल माझ्याकडे. एवढी जबाबदारी या वयात कुणावर पडत नाही.

निश्चय : रविवारपर्यंत निर्णय. तोवर बिअर बंद.

२१ नोव्हेंबर, गुरुवार
वारा. आमच्या मत्स्यशेतीची बार्ज हलत होती. दिवसभर समुद्रातल्या जाळीच्या पिंजऱ्यांमधले मेलेले सामन मासे उपसले. दोन्ही पक्षांचे जाहीरनामे इंगाबाईंच्या कॉम्प्युटरवर वाचायला घेतले. इंगाबाई म्हणजे मी राहतो-जेवतो त्या खाणावळीच्या मालकीण. फार कामसू बाई. सप्टेंबरात मी आलो त्या दिवशीच कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी मला सगळीकडे नोंदवून टाकलं. डॉक्टरकडे, लायब्ररीत, आणखी कुठे कुठे. त्या विचारत होत्या, मी बटाटे खात हो हो म्हणत होतो.

जाहीरनाम्याची दोन पानं वाचली. दोन्ही पक्षांना हॉस्पिटलं आवडतात असं दिसतं. झोप लागली.

बिअर एक. थंडीसाठी. ती धरायची नाही.

२४ नोव्हेंबर, रविवार
इथे फोनला रेंज फक्त चर्चच्या फाटकापाशी, तीही एका पायावर उभं राहिल्यासारखं वाकलं तर. बाबांचा फोन. म्हणाले, तू तिकडे अडकलास, तुझं मत फुकट घालवू नको, मला दे, मी जाऊन टाकतो. आपल्याकडे तशी सोय आहेच. बाहेरगावच्या माणसाचं मत घरच्या माणसाने टाकायचं. माझा विचार चालू आहे असं सांगणार होतो. तेवढ्यात ते बोटीच्या विषयावर आले.

बाबांची बोट मी पाहिलेली नाही. माझ्या जन्माआधीच गेली. मासेमारी कमी करा असा युरोपचा हुकूम आला, सरकारने पैसे देऊन बोटी मोडीत घेतल्या. विकायचीही परवानगी नाही, मोडायचीच. बाबा धक्क्यावर उभे होते.

"केबिनमध्ये माझा चहाचा मग राहिला होता," बाबा म्हणाले. "मी त्या क्रेनवाल्याला म्हटलं, दोन मिनिटं थांब. नाही थांबला."

मी म्हटलं, टाका बाबा माझं मत.

म्हणजे निर्णय झाला. रविवारी म्हटलं होतं, रविवारी केला. शब्दाचा पक्का.

२५ नोव्हेंबर, सोमवार
आईचा फोन.

आई शाळेच्या किचनमध्ये वाढायला असते. मी ठाम होतो. म्हणणार होतो, आई, माझं ठरलंय. पण आईने मताचं काढलंच नाही आधी. एका पोरीची गोष्ट सांगितली. शुक्रवारी ती पोर दोनदा पुडिंग मागते, कारण शनिवार-रविवार शाळा नसते. आई तिला तिसऱ्यांदाही देते आणि वरच्यांची बोलणी खाते.

"तुझं मत माझ्या हातात दे, राजा," आई म्हणाली. "तुझ्या बाबांना कळायला नको. त्यांना वाटेल पोरगापण गेला."

मी हो म्हटलं.

तांत्रिकदृष्ट्या मी खोटं कुणाशीच बोललो नाही. बाबांना दिलेला शब्द खरा, आईला दिलेलाही खरा. फक्त मत एक आहे. हा निवडणूक पद्धतीतला दोष.

निश्चय : उद्या दोघांपैकी एकाला फोन करून 'नाही' म्हणून सांगायचं. कुणाला, ते सकाळी ठरवू.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
फाटकापाशी गेलो. आईला 'नाही' म्हणायचं ठरलं होतं, कारण आई समजूतदार. फोन उचलताच म्हणाली, काल तिला फार बरी झोप लागली, पोरगा आपल्या बाजूचा आहे म्हणून. मी विचारलं, थंडी कशी आहे. पाऊण तास थंडीवर बोललो. शेवटी मीच म्हणालो की माझ्या खोलीच्या खिडकीत लाल पोस्टर लावीन.

म्हणजे आता बाबांना 'नाही' म्हणायचं. तेच बरं. बाबा पुरुष आहेत, पचवतील.

३० नोव्हेंबर, शनिवार
बाबांनी पचवलं असतं. पण त्यांनी पार्सल पाठवलं होतं, आज मिळालं. त्यांचा जुना स्वेटर, बोटीवरचा. कोपरांना नवीन रफू. स्वेटर घालून नाही कसं म्हणणार. काढला तर थंडी वाजते.

बिअर चार.

२ डिसेंबर, सोमवार
मॅग्नीला सांगितलं. हा आमच्या बार्जवरचा मुकादम, इथलाच, साठीचा, बोलतो कमी. ऐकून घेतलं, चारा सोडायचा पाइप झटकला आणि म्हणाला, "म्हणजे तू एक मेंढी दोन गिऱ्हाइकांना विकलीस." मी म्हटलं, तुम्हाला राजकारण कळत नाही. तो म्हणाला, मेंढ्या कळतात.

त्यानेच विचारलं की रीतसर अर्ज केलास का. मी म्हटलं, अर्ज कसला, घरच्या माणसांना तोंडी सांगितलंय. आमच्या बंदरात बोटीसुद्धा तोंडी विकल्या गेल्यात. मॅग्नीने माझ्याकडे बघितलं आणि परत मासे बघितले. उत्तर नसलं की माणसं असंच करतात.

४ डिसेंबर, बुधवार
इंगाबाई जेवताना काहीतरी म्हणत होत्या, आज पाचपर्यंत काहीतरी मुदत आहे, बाहेरून मत टाकायचं असलं तर. मी फाटकापाशी जायच्या घाईत होतो. आज फोन करायचाच होता. दोघांनाही. एकदम खरं सांगून मोकळं व्हायचं.

चढावर वारा एवढा की दोनदा बसावं लागलं. फोन जोडीने घेतला. मागून आवाज, आधी आईचा, मग बाबांचा. दोघंही एकाच खोलीत होते तर! दोघंही तिला म्हणत होते, शेनला सांग मी आठवण काढली, आणि दोघांच्याही आवाजात अशी गुपित असल्यासारखी लाडीगोडी. जोडी म्हणाली, "काय केलंस रे तू? दोघं एकेकटे हसतायत." मी म्हटलं, काही नाही. रेंज गेली. म्हणजे मी घालवली.

७ डिसेंबर, शनिवार
नवी योजना, आणि ही उत्तम. स्वतः घरी जायचं! बुधवारी बोट पकडायची, गुरुवारी सकाळी ॲबरडीन, तिथून ट्रेन, संध्याकाळी स्केलबी. दोघांच्या समोर मतदान केंद्रात शिरायचं, बाहेर यायचं, आणि दोघांकडे बघून एकेकदा डोळा मारायचा. मत गुप्त असतं. दोघंही खूश. हे आधी का सुचलं नाही.

तिकीट काढलं. निर्णय प्रवासात.

१० डिसेंबर, मंगळवार
बोट रद्द. वादळ.

११ डिसेंबर, बुधवार
बोट रद्द. विमानं रद्द. दुपारी तीनला काळोख. खोलीच्या खिडकीतून पोस्टर उडालं, शेजारच्या मेंढीच्या अंगाला चिकटलं, ती तशीच हिंडतेय.

काल रात्री असं वाटलं की मी त्या पिंजऱ्यातला मासा आहे. वरून चारा पडतो, कडेने जाळं, आणि गोल गोल फिरायचं. मग वाटलं, मासा बरा. त्याला आईबाबा विचारत नाहीत.

शेवटचा निश्चय : उद्या सकाळी फोन. एकाला. नाणं उडवून.

१२ डिसेंबर, गुरुवार
सकाळी नाणं उडवलं. वाऱ्याने नेलं.

फाटकाजवळच्या खांबाला काहीतरी झालंय, रेंज नाही. बार्जवर जाता येत नाही म्हणून सुट्टी. गावच्या हॉलमध्ये जाऊन बसलो. तिथे आज मतदान, म्हणून बायकांनी मटणाचं सूप आणि केक ठेवलेत, आणि हीटर चालू. दुपारभर बसलो. लोकांची रांग केकच्या टेबलाला आडवी येत होती, एवढं सोडलं तर छान.

दोन म्हातारे म्हणाले, कुठे या वाऱ्यात मत द्यायला उठायचं, कुणीही निवडून आलं तरी काय होणार. मी त्यांना मताचं महत्त्व नीट समजावलं. आपलं एक मत घराचा, देशाचा कौल बदलू शकतं. ते उठून गेले आणि मत देऊन आले. एकाने मला केक दिला.

टेबलावर यादी घेऊन आमचा पोस्टमन बसला होता. तो दोनदा म्हणाला, "शेन, तुझं?" मी म्हटलं, माझं खाली दक्षिणेत चालू आहे, माणसं लावली आहेत. इंगाबाई पेले विसळता विसळता म्हणाल्या, "अरे पण तुझं नाव..." मी म्हटलं, सूप फार छान झालंय. त्यांना कौतुक आवडतं.

संध्याकाळी रेंज आली म्हणून कुणीतरी सांगितलं. वर गेलो. जोडीचा फोन. हसून हसून तिला बोलता येत नव्हतं. घडलं ते असं.

आई कामावरून परस्पर मतदान केंद्रावर गेली. आपल्याकडे स्केलबीला केंद्र चर्चच्या मागच्या खोलीत. रांगेत पुढे बाबा. दोघांनी एकमेकांना बघितलं नाही असं दाखवलं. बाबांनी आपलं मत टाकलं, परत टेबलापाशी आले आणि म्हणाले, "आता माझ्या मुलाचं टाकायचंय. शेन पॉकलिंग्टन."

मागून आई म्हणाली, "त्याचं मी टाकणार आहे."

नवऱ्याशी बोललेलं सहा आठवड्यांतलं पहिलं वाक्य.

"तुला कुणी सांगितलं?"

"त्यानेच."

"मला सांगितलंय त्याने."

सगळी रांग ऐकत होती. टेबलावरच्या बाईने यादी बघितली, परत बघितली, कुठेतरी फोन केला आणि म्हणाली, तुम्ही भांडू नका, अर्ज कुणाच्याच नावाने नाही. आणि मुलाचं नाव इथे नाहीच. सप्टेंबरमध्ये शेटलंडला गेलंय.

जोडी म्हणाली, मग दोघं बाहेर आले. मग बाबा म्हणाले, "गाढव आहे." आई म्हणाली, "पहिल्यापासून." मग दोघं चालत चिप्स आणायला गेले. एकत्र.

मी फोन ठेवला. बटाटे खाताना हो हो म्हटलेलं सगळं आठवलं. डॉक्टर, लायब्ररी, आणखी कुठे कुठे.

पळत खाली. हॉल उघडा होता, सूप संपलं होतं. पोस्टमनने यादी पुढे सरकवली. यादीत नाव होतं, इंगाबाईंच्या पत्त्याच्या पुढे, सुबक. कागद दिला. आडोशाला गेलो. दोरीला बांधलेली पेन्सिल. हे मत आता माझंच, आणि मी एकटा.

कागदावरची माणसं कोणीही ओळखीची नव्हती. पण मजूर होता आणि हुजूर होता. अंगात बाबांचा स्वेटर. डोक्यात ती पुडिंगवाली पोर. किती वेळ उभा होतो कोण जाणे. बाहेर पोस्टमन खोकला, मग खुर्च्या उचलायला लागला.

आणि एकदम सुचलं. इतकं साधं की हसू आलं. एक फुली मजूरपुढे, आईची. एक हुजूरपुढे, बाबांची. पेटीत टाकलं. परत येताना वारा पडल्यासारखा वाटला. अख्ख्या ब्रिटनमध्ये आज दोन्ही बाजूंना न्याय देणारा मी एकटाच असेन.

१३ डिसेंबर, शुक्रवार
बार्जवर गेल्या गेल्या मॅग्नीला सांगितलं. तो हसला नाही. पाइप खाली ठेवला, हे तो कधी करत नाही. म्हणाला, "पोरा, दोन फुल्या म्हणजे मत बाद."

दुपारी फाटकापाशी आईबाबांचा फोन. दोघं स्पीकरवर. निकाल लागला होता, हुजूर जिंकले, पण त्याचं नाव कुणीच काढलं नाही. बाबा जिंकल्यासारखे वाटले नाहीत, आई हरल्यासारखी वाटली नाही, दोघं माझ्यावर चिडलेले वाटले. मी सांगून टाकलं, दोन फुल्यांचंही. आई हळूच बाबांना म्हणाली, "केन, त्याने दोघांनाही दिलं रे." बाबा म्हणाले, "म्हणजे कुणालाच नाही." मग म्हणाले, "स्वेटर घालतोस का?"

मॅग्नी म्हणतो, बाद मतांचा वेगळा ढीग करतात. त्यात दर वेळी कुणीतरी मेंढीचं चित्र काढलेलं असतं.

ख्रिसमसला घरी बोलावलंय. इंगाबाई विचारत होत्या, बोट शनिवारची की रविवारची, आजच सांग, जागा भरत आल्यात. आई म्हणाली शनिवारी ये. बाबा म्हणाले रविवारी.

दोघांना हो म्हटलंय.