लिलावाची अक्षरं

सोलापूर, ७ फेब्रुवारी १९३४

सौ. अनसूयाताईला तिच्या धाकट्या मावसबहिणीचा, मालतीचा, वाकून नमस्कार. (मला अजून वाकता येतं, तुझे गुडघे कसे आहेत?) भाऊजींचा दमा या थंडीत आवरला असेल अशी आशा आहे. अकलूजचा गूळ पोचला, संपलाही.

तुला कळवलं नव्हतं, पण मी बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग काढते आहे. वाचनालयाची मागची खोली दुपारी रिकामी असते. तिथली मंडळी म्हणाली, सोमवारी दहा नावं दाखवा, नाहीतर खोली गाण्याच्या मेळ्याला देऊ. (तो मेळा एकदा ऐकलास की माझी तळमळ कळेल.) महिनाभरात एक नाव येईना, म्हणून चनमल्लप्पांच्या छापखान्यात हस्तपत्रकं छापायला गेले. मथळ्याला मला आपल्या बेळगावच्या कॉन्व्हेंटातल्या प्रार्थनेच्या पुस्तकासारखी इंग्रजी अक्षरं हवी होती. बारीक, खाली मान घालून चालणाऱ्या सिस्टरांसारखी. (त्या पुस्तकावर आपण दोघी मिळून एकच बोट फिरवायचो. तुझं लग्न ठरलं नि तू दुसऱ्या इयत्तेतूनच उठलीस. पुढं वर्षभर मी त्या बाकावर तुझी जागा सोडून कडेला बसत होते.)

चनमल्लप्पांनी मात्र छपाईच्या मोठ्या लाकडी खिळ्यांचा खण ओढला. ताई, काय ती अक्षरं! काळी, रुंद, प्रत्येकाच्या पायाला चौकोनी ठोकळा; जणू जाड वहाणा घालून पहिलवान रांगेत उभे. "बाई, बारीक अक्षर लग्नाला बरं. हे लांबनं दिसतंय की!" मी मान डोलावली. गावात ही अक्षरं आजवर फक्त लिलावाच्या जाहिरातीला लागत होती, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

इंग्रजी न येणारी माणसंही ती अक्षरं चेहऱ्यावरून ओळखतात. पत्रकाखाली माझा पत्ता. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर वीसेक माणसं! एकजण कपाट वितीनं मोजतोय, कुंभारीची निंगव्वा भाजीवाली माझ्या पलंगावर दोनदा बसून उठलेली.

"बाई, पलंग कितीला?"

मी वर्गाचं सांगितलं.

"इकायचं न्हाय तर येवढं मोठ्यानं कशाला लिवलं?" मग जरा थांबून, "बरं, माझ्या सुनंचं नाव घाला. लिलावाला आलो, रिकाम्या हातानं कसं जावं?"

हे सगळ्यांनाच पटलं. चन्नवीर आडत्यांनी तर तिच्यावर चढ करून दोन सुनांची बोली लावली. (सुनांना कुणी विचारलं नव्हतं; पण दुपारी त्या स्वतःच हसत विचारायला आल्या, पाटी आणायची का.) बोली नवावर थांबली. ती अक्षरं ओबडधोबड आहेत, हे माझं मत मात्र कायम आहे.

तुझी,
मालती

ता. क. दहावं नाव तुझं घातलंय. रविवारची सर्व्हिस मोटार धर. वाचनालयवाल्यांनी वय विचारलं तेव्हा मला खोकला आला. दुसऱ्या इयत्तेपासूनच सुरू करू. बाकावर आतली जागा तुझी.

पुन्हा ता. क. नावांची यादी छापून वाचनालयाच्या दारावर लागलीसुद्धा, त्याच अक्षरांत. (मीच सांगितलं.) भाऊजी कुरकुरले तर म्हणावं, एवढं जाड नाव खोडायला अख्खी दौत लागेल.