कढई, झारा आणि कोपऱ्याची जागा

मी, कोकिळा रामाजी झाडे, वय अडुसष्ट, धंदा आलुबोंडे व भजी तळून विकणे, राहणार स्टेशन रोडच्या मागची वस्ती, पिंपळझरी (रेल्वे), जिल्हा वर्धा, हे माझ्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. कोणी मला धाक दाखवलेला नाही आणि लाडीगोडीही लावलेली नाही. लाडीगोडी लावायला घरात दुसरे कोणी असावे लागते. सेवाग्रामच्या डॉक्टरांनी हृदय थकले आहे असे सांगितले. तेव्हा हात चालतो आहे तोवर लिहिलेले बरे.

वकीलबाई सुनीती जोगळेकर यांनी मला मसुदा करून दिला होता. तो चांगला होता, पण त्यात मी कुठेच नव्हते. म्हणून त्यांची कलमे ठेवली आहेत आणि मधले मी घातले आहे. त्यांनी कपाळाला हात लावला, पण हरकत घेतली नाही.

कलम १. माझे यजमान रामाजी हे जिनिंगमध्ये रुईच्या गाठी उचलण्याचे काम करत. छातीत रुई जाऊन जाऊन ते गेले. त्यांच्या मागे दोन खोल्यांचे टिनाचे घर माझ्या नावावर झाले. ते घर माझा मुलगा सचिन याला मिळावे. तो चाकणला कंपनीत आहे. तो हे घर विकणार हे मला ठाऊक आहे, त्याबद्दल राग नाही. फक्त मागच्या भिंतीला शेजाऱ्याने आपली मोरी टेकवली आहे, ती काढून घेतल्याशिवाय सौदा करू नये. मी बावीस वर्षे सांगून थकले.

कलम २. बँकेतल्या पैशातून आधी माझे क्रियाकर्म व्हावे. सरकारी योजनेतून फेरीवाल्यांना मिळणारे कर्ज मी दोनदा घेतले आणि दोनदा फेडले. तिसरे चालू आहे, त्याचे राहिलेले हप्तेही त्यातूनच जावेत. विनातारण कर्ज माझ्यासारखीला कोणी दिले नव्हते. जे दिले ते बुडवून मरायचे नाही. उरेल ते नात काजल हिच्या शिक्षणाला द्यावे. ती मला फोनवर आजी म्हणते, पण लगेच फोन तिच्या आईकडे देते. लहान आहे.

कलम ३. खाद्यपदार्थ विकणाऱ्यांच्या सरकारी प्रशिक्षणात मिळालेला एप्रन व टोपी सून अपेक्षा हिला द्यावी. मी चाकणला राहायला गेले होते तेव्हा ती चमच्याने तेल मोजून भाजी करत होती. मी काही बोलले नाही. तीही काही बोलली नाही. अशा घरात माणूस फार दिवस राहू शकत नाही, म्हणून परत आले. मुलगी वाईट नाही.

पैसे आल्याचे मोठ्याने सांगणारा डबा बँकेचा आहे, तो बँकेला परत करावा. दिवसभर माझ्या हातगाडीवर बोलणारा तो एकटाच आहे. दुपारी बराच वेळ गप्प राहिला तर मी त्याला हलवून पाहते. वकीलबाई म्हणाल्या हे मृत्युपत्रात कशाला? मी म्हटले, राहू द्या.

कलम ४. कढई, झारा आणि कोपऱ्याची जागा. या कलमासाठीच हा सगळा खटाटोप आहे, म्हणून नीट सांगते.

स्टेशन रोड वळण घेतो तिथे माझा कोपरा. तिथून नगर पंचायतीची गाडी सर्वांत आधी दिसते. रस्त्यावर माल मांडणारे आम्ही आठ-दहा जण. सामान जप्त करायला गाडी आली की मी झारा कढईच्या काठावर तीनदा जोरात वाजवायची. तेवढ्यावर सगळे पोत्याची चार टोके धरून गल्लीत पसार. सुमित्राबाई माझ्या बाजूला सांबार, म्हणजे कोथिंबीर, आणि मिरच्या घेऊन बसायची. ती तर माझा तिसरा ठोका पडायच्या आत नाहीशी व्हायची. मी मात्र कधीच पळाले नाही. उकळत्या तेलाची कढई उचलून पळता येत नाही. त्यामुळे दर वेळी सापडायची मीच.

पण आमचा एक रिवाज होता. कढई जप्त झाली की सगळे वर्गणी काढून दंड भरत आणि ती सोडवून आणत. कारण मी थांबते म्हणून ते सुटतात. कढई परत आली की पहिला घाणा सगळ्यांना फुकट. कुलपे-कंगवे विकणारे अण्णाजी त्या दिवशी चार आलुबोंडे खायचे आणि पोट बिघडले म्हणून दुसऱ्या दिवशी माझ्यावरच ओरडायचे.

संध्याकाळी तेल निवले की कढई उचलायला दोघी लागायच्या. एक कान माझ्या हातात, एक सुमित्राबाईच्या. तिचा नवरा कवडू गेला तेव्हा तिने माझ्याच खांद्यावर डोके ठेवले होते, आणि माझे रामाजी गेले तेव्हा मी तिच्या. हे लिहून ठेवते, म्हणजे पुढचे समजेल.

मग ती सकाळ आली. तीच गाडी वळणावर दिसली. मी तीन ठोके दिले. क्षणात रस्ता रिकामा. गाडीतून उतरल्या दोन मुली, हातात मोबाइल. मला म्हणाल्या, आजी, घाबरू नका, आम्ही फेरीवाल्यांचं सर्वेक्षण करतो आहोत, इथं बसणाऱ्यांना ओळखपत्र मिळणार. त्यांनी माझा फोटो काढला, कोपऱ्याचा फोटो काढला. आणि बाकीचे कुठे आहेत, विचारले. मी हाका मारल्या. गल्लीत जाऊन मारल्या. कोणी बाहेर येईना. गाडी उभी असताना मी बोलावते म्हणजे मला पकडून माझ्याकडून बोलावून घेत आहेत, असे त्यांना वाटले. मुली थोडा वेळ थांबल्या आणि पुढच्या चौकात गेल्या.

आदल्या दिवशी ऑटोवर भोंगा लावून सांगितले होते म्हणे. आमच्या रस्त्यावर भोंग्याने आजवर कधी चांगली बातमी आणली नव्हती, त्यामुळे ऐकतो कोण? मीही ऐकले नाही. मला ठाऊक असते तर मी झारा हातात तरी धरला असता का?

पुढे मला विक्रीचे प्रमाणपत्र मिळाले. जागा पक्की झाली. लॉकडाऊननंतर कर्ज मिळाले, त्यातून हातगाडी आली. आणि माझ्या रस्त्यावर ठरले की कोकिळेने सगळ्यांना ठोके देऊन पळवले आणि स्वतःचा फोटो काढून घेतला. याला पुरावा काय, तर प्रमाणपत्रावरच्या फोटोत मी लाल काठाचे नवे लुगडे नेसले आहे. सुमित्राबाई सगळ्यांसमोर म्हणाली, "भजे तळाले कोनी नवं लुगडं नेसते का? हिले पहिलेच ठाव होतं." मी कढईतली भजी उलटत राहिले.

नोंद नसलेल्यांनाही शिफारशीची चिठ्ठी मिळून कर्ज मिळू शकते, असे मला कचेरीत साहेबांनी सांगितले. ते सांगायला मी एकेकाकडे गेले. अण्णाजी म्हणाले, "आता अजून कुठं पळवतं आमाले?" कोणी अर्ज केला नाही. पाच वर्षे झाली, कोणी माझ्या गाडीवरचे खाल्लेले नाही. सुमित्राबाई आपले पोते उचलून रस्त्याच्या पलीकडे बसते. गाडी आजही येते. मी आजही ठोके देते आणि ते आजही पळतात. माझे बोलणे खोटे मानतात, पण माझे ठोके खरे मानतात. मला आता कोणी जप्त करत नाही. प्रमाणपत्र आहे ना. मी भर रस्त्यात उभी राहून त्यांना पळताना बघते. एवढे एकटे मला रामाजी गेले त्या दिवशीही वाटले नव्हते.

आता लुगड्याचे सांगते. सर्वेक्षणाच्या त्या दिवशी सचिन पुण्याहून नागपूरला जाणार होता. आमच्या स्टेशनवर गाडी दोन मिनिटे थांबते. मी आलुबोंड्याचा डबा बांधला, नवे लुगडे नेसले आणि पहाटे फलाटावर उभी राहिले. गाडी आली आणि गेली. सचिन दारात आला नाही. नंतर म्हणाला, झोप लागली होती. लागली असेल. कामाचे पोर आहे. मी तशीच परत आले, तेच लुगडे नेसून भट्टी पेटवली. मुलगा झोपला म्हणून आई फलाटावरून परत आली, हे सगळ्या रस्त्यासमोर कसे सांगायचे? त्यापेक्षा लबाड म्हणवून घेणे सोपे वाटले. सचिन हे वाचेल तेव्हा त्याने रडू नये. डबा वाया गेला नाही, हमालांनी खाल्ला.

कोपऱ्याची जागा सुमित्राबाईला द्यावी, असे माझ्या मनात होते. वकीलबाई म्हणाल्या, प्रमाणपत्र मृत्युपत्राने देता येत नाही. ते नवऱ्याला किंवा अवलंबून असलेल्या मुलालाच मिळते. नवरा वर गेला, मुलगा अवलंबून नाही. म्हणजे माझ्यासोबत कोपराही जाणार. मग मी देऊ शकते ते देते: हातगाडी, कढई व झारा सुमित्राबाई कवडू उईके हिला मिळावेत. आणि नवीन सर्वेक्षण येईल तेव्हा कोणी झारा वाजवू नये, सगळ्यांनी आपापल्या पोत्यावर बसून राहावे, मोबाइल दिसला की नाव सांगावे. मी कचेरीत दर वेळी विचारते, ते म्हणतात होणार आहे. माझ्यानंतर कोणी तरी विचारत राहावे.

कलम ५. अण्णाजींकडे माझा लाकडी स्टूल आहे. तो त्यांच्याकडेच राहू द्यावा, पण माझा होता हे त्यांना चारचौघांत सांगावे.

कलम ६. या मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक झेरॉक्सवाला आदेश, तो कोणालाही सही देतो. दुसरा कोण, हे मला आठ दिवस सुचले नाही. रोज तीनशे माणसे माझ्या हातचे खातात; त्यातल्या एकाचेही नाव मला माहीत नाही. शेवटी मी रस्ता ओलांडून सुमित्राबाईच्या पोत्यापुढे उभी राहिले आणि म्हटले, उद्या वकीलबाईकडे येशील का? तिने मिरच्या निवडता निवडता वर पाहिले नाही. म्हणून खालची जागा कोरी सोडली आहे.

सही करण्यापूर्वी वाढवलेला मजकूर. आज सुमित्राबाई आली. दाराशी चप्पल काढून उभी राहिली, खुर्चीवर बसेना. वकीलबाईंनी तिला विचारले, तुम्हाला यात वस्तू मिळणार आहेत, ऐकायचे आहे का? आणि सगळे मृत्युपत्र वाचून दाखवले. लुगड्याचे आले तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते.

वाचून झाले तशी सुमित्राबाई माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "हे त्या वक्ती काऊन नाई सांगतलं व?"

मी म्हटले, "लाज वाटली."

"मले सांगाले लाज?" ती म्हणाली. "मले?"

वकीलबाई म्हणाल्या, ज्याला वस्तू मिळते त्याने साक्ष करू नये, उद्या कोणी शंका काढेल. एक तर कढई घ्या, नाहीतर सही करा. सुमित्राबाईने वेळ लावला नाही. "कढई नोको मले. सही कुठं कराची ते दाखवा." मी म्हटले, मग कढई कोणाच्या नावाने लिहू? तर माझ्यावर खेकसली, "मेल्यावरचं मंग लिहजो. रोज संध्याकाळी कोन उचलते ते सांग."

मी खरे सांगितले. कोणी नाही. तेल पेल्याने काढून काढून डब्यात भरते, कढई रिकामी झाली की ओढत नेते.

"आज नोको काढू," ती म्हणाली. "मी येतो."

तरी कलम ४ मध्ये सुमित्राबाईचे नाव खोडून असे वाचावे: हातगाडी, कढई व झारा स्टेशन रोडवर माल मांडणाऱ्या सर्वांचे राहावेत, आणि वळणावर जो बसेल त्याने ते वापरावे. खोडलेल्या जागी मी सही केली आहे.

हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना.

ठिकाण: पिंपळझरी (रेल्वे), जि. वर्धा
दिनांक: १८ नोव्हेंबर २०२४

लिहून ठेवणार:
(सही) कोकिळा रामाजी झाडे

साक्षीदार १:
(सही) आदेश मनोहर तडस
धंदा: झेरॉक्स
लिहून ठेवणारीशी नाते: नाही

साक्षीदार २:
(डाव्या हाताचा अंगठा) सुमित्राबाई कवडू उईके
धंदा: भाजी विकणे
लिहून ठेवणारीशी नाते: वकीलबाईंनी येथे "नाही" असे लिहिले होते. साक्षीदाराच्या सांगण्यावरून ते खोडून "बाजूवाली" असे लिहिले आहे.