तिण्णै फोडू देणार नाही

३ जानेवारी
नाही म्हणजे नाही! दारापुढचा ओटा — आमची तिण्णै — फोडू देणार नाही. सुरेंद्रनं गाडी बुक केलीय, ती आत घ्यायला उतार हवा म्हणे. "अम्मा, गल्लीत सगळ्यांनीच फोडली." हो, फोडली. अकरापैकी नऊ घरांनी. जिथं संध्याकाळी माणसं दिसायची तिथं आता बंपर दिसतात. काचा वर करून येतात, काचा वर करून जातात.
हे नागरीत लिहितेय. बाकी सगळे तमिळ शाळेत शिकलेले, घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाही, बरंच आहे!

४ जानेवारी
सून भुवना पापनाशमच्या शाळेत शिकवते. रोज दोन बस, जाताना उभ्यानं. पाय सुजतात तिचे. गाडी हवीच तिला — कोण नको म्हणतं? पण माझी बसायची जागा का?

९ जानेवारी
गाडी आली. मागोमाग गवंडी. मी ओट्यावर ठाण मांडलं. समोरच्या गंगाबाई काठी टेकत आल्या, शेजारी बसल्या. गवंड्याला तमिळमध्ये म्हणाल्या, "आधी आम्हा दोघींना फोड!" तो हसत परत गेला. सुरेंद्र हसला नाही. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावून आला.

१७ जानेवारी
सुरेंद्र बोलत नाही. मीही नाही.

२२ जानेवारी
गंगाबाई गेल्या.
सकाळी छातीत कळ आली. अँब्युलन्स आली, पण गल्लीच्या तोंडाशीच अडकली — दोन्ही बाजूंना गाड्या, त्यातली एक आमची. चावी सुरेंद्रच्या खिशात, तो फिरायला गेलेला, फोन घरी. शेवटी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून नेलं. एकीकडून शेजारचे वेंकटराव, दुसरीकडून भुवना, अनवाणी. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं."

२३ जानेवारी
सुरेंद्र सगळ्यांसमोर म्हणाला, "अम्मा, तू ओटा फोडू दिला असतास तर गाडी आत असती." कुणी त्याला गप्प केलं नाही.
दिवसभर तेच डोक्यात. खरं असेल का? माझ्यासाठीच तर बसल्या होत्या त्या... खूप रडले.
मग डोळे पुसले. नाही! ओटा इथं माझ्या आजेसासऱ्यांच्या आधीपासून आहे, त्यानं कुणाची वाट अडवली नाही. वाट गाडीनं अडवली. माझ्या वाट्याचं दुःख घेईन, गाडीचा दोष घेणार नाही.

२८ जानेवारी
वाहतूक पोलिसांत लेखी तक्रार दिली. गल्लीच्या तोंडाशी लावलेल्या गाड्यांचे नंबर, पहिला सुरेंद्रच्या गाडीचा. खाली माझी सही.
माझ्या खाली भुवनाची.