ऑरेस्टला काढण्याची नोटीस

१३ फेब्रुवारी १९९६

आयरीन वाचली. आधी तेच लिहिते.

शनिवारच्या कर्लिंग स्पर्धेसाठी काल आम्ही दोघी रिंकच्या स्वयंपाकघरात पेरोहीच्या करंज्या भरत होतो. बटाट्याचं सारण संपत आलं होतं. एकदम डोळे झोंबले — अमोनिया! आयरीन मट्‌कन खाली बसली. श्वासच येईना तिला. तेवढ्यात यंत्रघरातून आमच्या क्लबच्या मंडळातला ऑरेस्ट धावत आला, तिला उचललं नि बाहेर उघड्यावर नेलं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस! मग नाकाला मफलर गुंडाळून परत आत गेला आणि व्हॉल्व्ह बंद केला.

बर्फ गोठवायच्या अमोनियाच्या यंत्राला तपासनीसानं जानेवारीतच कुलूप लावलं होतं. व्हॉल्व्ह गंजलाय, नवा बसेपर्यंत चालवायचं नाही. कडाक्याची थंडी होती तोवर बर्फ आपसूक टिकला. परवापासून हवा तापली, बर्फ मऊ पडला. आणि ऑरेस्टनं यंत्र चालू केलं.

तीन वाजता शाळेची बावीस मुलं खेळायला यायची होती.

१५ फेब्रुवारी

मंडळाची बैठक. आम्ही पाच संचालक. पाचवा ऑरेस्ट, त्यालाच बोलावलं नव्हतं. डार्लीन अध्यक्ष, शाळेत शिकवते. त्या बावीसांतली दोन तिचीच.

“तो म्हातारा आहे, त्यानं रिंक उभी केली, सगळं मान्य,” ती म्हणाली. “पण मंडळात नको. आत्ताच ठराव करू.”

मी म्हटलं, आपल्याला तो हक्कच नाही. निवडून आलेल्याला फक्त सभासद काढू शकतात. एकवीस दिवसांची नोटीस, त्याला बोलायची संधी, दोन तृतीयांश मतं.

“हे असलं कुणी लिहून ठेवलंय?”

मी नि ऑरेस्टनं! एकाहत्तर साली, त्याच्या स्वयंपाकघरात. मी टाइप करत होते, तो कॉफी ओतत होता. “चार जणांनी दार लावून पाचव्याला हाकलायचं नाही,” म्हणाला होता. “काढायचं तर तोंडावर काढा.” तेव्हा वाटलं, उगाच किती विचार करतो हा. आपल्यात कोण कुणाला काढणार आहे!

१७ फेब्रुवारी

नोटिसा पोस्टात टाकल्या. एकशेचार. पाकिटावर त्याचंही नाव मीच लिहिलं. स्पर्धा रद्द.

२१ फेब्रुवारी

डार्लीन त्याच्याकडे जाऊन आली. राजीनामा द्या, सभा टळेल, म्हणाली. तो म्हणे, “ज्यांनी निवडून दिलं त्यांना सांगू दे, नको म्हणून.” वर तिला बीटचं गरम सूप, बोर्श्ट, प्यायला दिलं.

२४ फेब्रुवारी

दिवसभर जुने दिवस आठवत राहिले. अठ्ठावन्न साली लग्न होऊन इथं आले तेव्हा गावात कुणाला ओळखत नव्हते. आर्न दिवसभर गुरांत. मी खिडकीशी. एक दिवस ऑरेस्ट दारात, हातात झाडू. “आर्नची बायको ना तू? आमच्या संघात एक माणूस कमी आहे. पुसायला येतं का?”

“घर पुसता येतं.”

“मग बर्फ काय निराळा? चल.”

त्याची बायको नादिया कर्लिंगचा जड दगड बर्फावरून सरकवत सोडायची, आणि तो दूर जावा म्हणून आम्ही त्याच्या पुढं पुढं बर्फ घासत पळायचो. गवताचे झाडू असत तेव्हा — फट् फट् फट्! मी तोंडावर आपटले. सगळे हसले, मीही हसले. या गावात आल्यापासून पहिल्यांदा.

तेव्हा यंत्र नव्हतं. रात्रीच्या थंडीवर भिस्त. सकाळी ऑरेस्ट पाठीवर पाण्याचा डबा घेऊन उलट्या पावलांनी चालायचा, नळी डावीउजवीकडे हलवत. थेंब पडायचे, पडले की गोठायचे. त्या खड्यांवरूनच दगड धावतो. आर्न आजारी होता त्या शेवटच्या हिवाळ्यात त्याला खुर्चीसकट आणून काचेशी बसवलं होतं ऑरेस्टनं. खेळ नव्हता काही. नुसते थेंब टाकताना बघायला. आर्न तासभर बघत राहिला.

२५ फेब्रुवारी

इथं तरी खरं लिहावं.

यंत्रघराची चावी तपासनीस माझ्याकडे देऊन गेला होता. सचिव म्हणून. बाराला सकाळी ऑरेस्ट आला. टोपी हातात. “थेल्मा, दोनच तास. बर्फ धरला की बंद करतो. नादियाच्या नावाची स्पर्धा आहे गं.” मी नाही म्हणायला तोंड उघडलं. आणि ड्रॉवर उघडला.

तपासनीसाचा कागद मी वाचला होता. व्हॉल्व्ह गंजलाय हे मला ठाऊक होतं.

३ मार्च

आयरीन इस्पितळातून घरी आली. खोकला आहे अजून. मला भेटायला जायला हवं. नाही गेले.

१० मार्च, रविवार

सभा झाली. अठ्ठावन्न सभासद. खुर्च्या पुरल्या नाहीत, काही जण भिंतीला टेकून.

ऑरेस्ट कोट-टाय घालून आला. दहा मिनिटं दिली होती, दोन घेतली. “मी यंत्र चालवलं. बर्फ जाईल या भीतीनं. मुलं येणार आहेत हे डोक्यात होतं, तरी चालवलं. आयरीन, तुझी माफी मागतो. बाकी तुम्ही ठरवा.”

मागून कुणीतरी विचारलं, “कुलूप कसं उघडलं?”

माझा पेन थांबला.

“माझ्याकडे जुनी चावी होती,” तो म्हणाला. कुलूप जानेवारीतलं. नवं कोरं! कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मी ते इतिवृत्तात लिहिलं. “जुनी चावी होती.” माझ्या सुंदर अक्षरात.

एकोणचाळीस मतं हवी होती, एक्केचाळीस पडली. मी कोरी चिठ्ठी टाकली. तेवढंच धाडस.

बाहेर त्याच्या ट्रकशी गेले. “असं का सांगितलंस?”

“तू गप्प राहा. एक गेला तेवढं पुरे. नियम ठाऊक असलेलं कुणीतरी आत हवं.”

“ऑरेस्ट —”

“जा गं, थंडी वाजेल.” काच वर केली आणि गेला.

११ मार्च

आयरीन आली. कोबीचे रोल घेऊन! माझे दोन्ही हात धरले. “त्या दिवशी तू जवळ होतीस म्हणून धीर आला,” म्हणाली. बोलता बोलता खोकल्याची उबळ आली, पाणी दिलं. ती गेल्यावर भांडं तसंच ओट्यावर. झाकण काढवेना.

१२ मार्च

सकाळी डार्लीनला फोन केला. म्हटलं, आणखी एक नोटीस काढायची आहे. “आता कुणाला काढायचं?” ती वैतागली.

माझं नाव सांगितलं.